बाबा आठवतात, पण आजारपणातलेच

"मॅडम, बाबा आठवायला बसलो की डायपरच आठवतात. इतका कोरडा आहे का मी?"

पन्नाशीचा माणूस, नागपूरच्या मानेवाड्याहून माझ्याकडे समुपदेशनाला आलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वडील १९६२च्या चीन युद्धानंतरच्या भरतीत फौजेत गेले. १९७१ला पूर्व आघाडीवर होते, 'पूर्वी स्टार' हे पदक मिळालेलं. निवृत्तीनंतर बँकेत गार्ड, तीन लेकरांची शिक्षणं, लग्नं. शेवटची तीन वर्षं स्मृतिभ्रंश. जाऊन चार महिने झाले होते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचा मेसेज त्यांच्याच फोनवर आला, तरी याला रडू फुटेना. उलट सुटल्यासारखं वाटतं, त्याची लाज.

हा प्रश्न घेऊन बरेच जण येतात. तीन वर्षं रात्री-बेरात्री उठलेल्या माणसाला आधी ते उठणंच आठवणार. सुटल्यासारखं वाटणारच, माणूस थकलेला असतो. आणि चार महिने म्हणजे काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, रेंगाळलेल्या शोकाचं निदान करायलाही किमान ६ महिने जावे लागतात.

मी युद्धाबद्दल विचारलं, ती माझी चूक. "ते कधी बोललेच नाहीत," म्हणून तो गप्प. मग विचारलं, रविवारी घरी काय करायचे?

"बूट."

संध्याकाळी अंगणात पेपर पसरायचा, तिघांचे शाळेचे बूट ओळीत. चेरी ब्लॉसमची डबी. जुन्या बनियनची चिंधी दोन बोटांना घट्ट गुंडाळायची, थेंबभर पाणी, आणि टोकावर बारीक बारीक गोल. सांगता सांगता त्याची दोन बोटं माझ्या टेबलाच्या काचेवर फिरायला लागली. मग थांबली.

"शेवटी चादरीवर असंच करून राहायचे ते. आम्हाला वाटे, बेचैन आहेत. मी हात धरून ठेवायचो."

स्मृतिभ्रंशात हातांच्या जुन्या सवयी बराच काळ टिकतात. पण ते बूटच घासत होते का, हे मला कसं कळणार? मी काही बोलले नाही. पाण्याचा ग्लास पुढे केला. तो रडला, बराच वेळ.

पुढच्या वेळी आईला घेऊन आला. आता पेन्शन त्यांच्या नावावर व्हायची होती, बँकेतूनच आले दोघं. बुटांची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, "फौजेत होते तोवर मीच घासत होते रे तुमचे बूट. सुट्टीवर आले की माझ्या हातचे पटत नव्हते त्यांना. पुन्हा घासायचे, बाप्पा!"

"अन् तू काही म्हणायची नाहीस?"

"म्हणायची ना. म्हणून तर नंतर त्यांच्याकडेच दिलं ते काम."