सैनिक स्कूलला निघालेल्या सहावीतल्या दोस्तास

सातारच्या सैनिक स्कूलला नंबर लागला, अभिनंदन! 300 पैकी 150 गुण एकट्या गणिताचे असलेली परीक्षा पार करून आलायस, म्हणजे डोकं चालतं. आता हात चालवायला शीक.

आधी बूट. बोटाला जुनं सुती कापड घट्ट गुंडाळायचं, किंचित पॉलिश, वर पाण्याचा एक थेंब आणि टाचेवर, टोकावर छोटे छोटे गोल फिरवत राहायचं. घाईने ब्रश मारलेला बूट ड्रिलच्या उस्तादांना लांबूनच ओळखू येतो. हे काम रात्रीच उरकून टाक. पहाटे पीटीची शिट्टी वाजली की मोजे सापडायचीही मारामार.

आईची आठवण येईल. रात्री पांघरुणात रडणारा तू एकटा नसतोस, शेजारचा झोपेचं सोंग करत असतो. घरचा खाऊ लपवू नकोस, वाटून टाक. तसाही तो उरत नाहीच.

सीनियरला मान द्यायचा, पण मार किंवा घाणेरडी कामं निमूट सोसायची नाहीत. थेट हाउसमास्तरांना, म्हणजे वसतिगृह सांभाळणाऱ्या सरांना सांग. त्याला चुगली म्हणणाऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष कर.

1961 साली शाळा निघाली ती मुलांना खडकवासल्याच्या एनडीएसाठी, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीसाठी तयार करायला. 2021 पासून मुलीही येऊ लागल्या. ‘ही पोरांची शाळा’ असली फुशारकी आता जुनी झाली. एनडीएत सगळेच पोचत नाहीत. लेखी परीक्षेनंतरच्या पाच दिवसांच्या एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडायच्या मुलाखती-चाचण्यांत, भलेभले हुशार परत येतात. त्याचं ओझं सहावीतच घेऊ नकोस. सध्या मैदानावर घाम गाळ, मेसमध्ये पोटभर जेव.