सात दिवसांत ८८ मंदिरं होतील का?

प्रश्न : ताई, आमची मुलगी ओसाकाला असते. नोव्हेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय आणि त्यातला एक आठवडा शिकोकू बेटासाठी राखलाय. तिथली ८८ मंदिरांची यात्रा मोटार भाड्याने घेऊन सात दिवसांत उरकेल का? मी दरवर्षी वारी करतो, चालण्याची सवय आहे. सौ.चे गुडघे मात्र कुरकुरतात. दोघंही शाकाहारी.
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही उरकणार. मोटारीनेसुद्धा दहाएक दिवस लागतात. प्रत्येक मंदिरात यात्रेकरूच्या वहीत शिक्का मारून घ्यायचा असतो, आणि ते शिक्के देणारी कार्यालयं सकाळी आठला उघडतात, पाचला बंद होतात. सगळा जीव त्या घड्याळात अडकेल. पूर्ण वाट सुमारे १,२०० किलोमीटरची, पायी जाणाऱ्याला दीड महिना लागतो. जपानी लोकही ती तुकड्यातुकड्याने करतात, कुणी एका खेपेला एकच प्रांत. तेव्हा अपुरी राहिली म्हणून कुणी नाव ठेवणार नाही.

यावेळी दक्षिणेचा कोची प्रांत सोडा. चारही प्रांतांत तो सगळ्यात मोठा आणि मंदिरं जेमतेम १६. तिथल्या मुरोतोच्या टोकाला समुद्रालगत एक गुहा आहे. यात्रेचे मूळपुरुष, बौद्ध भिक्षू कूकाई (७७४–८३५) यांनी तरुणपणी तिथे साधना केली असं मानतात. मला तो किनारा फार आवडतो, तरीही सोडा म्हणते. मोटारही नको, आगगाडी आणि बस पुरेत.

ओसाकाहून आवाजी बेटावरून बसने तोकुशिमा गाठा. दुसऱ्या दिवशी सकाळी बांदो स्टेशनावर उतरा. पहिलं मंदिर र्‍योझेन्जी तिथून चालत जाण्याजोगं आहे. पांढरा अंगरखा, गवती टोपी, काठी तिथेच मिळते. सहाव्या मंदिरापर्यंतची वाट साधारण १६ किलोमीटरची, गावांतून आणि शेतांतून जाणारी, बरीचशी सपाट. तुम्ही सगळी चाला. वहिनींनी पहिली तीन मंदिरं चालून पुढे टॅक्सी करावी. त्यात कमीपणा नाही. सहावं मंदिर आनराकुजी, तिथे यात्रेकरूंसाठी मुक्काम आहे आणि गरम पाण्याचं स्नानही. खोली आधी राखून ठेवा.

वाटेत कुणी संत्रं, चहा, क्वचित नाणं पुढे करेल. त्याला ओसेत्ताई म्हणतात, आणि ते नाकारायचं नसतं. बदल्यात आपलं नाव-गाव लिहिलेली कागदी चिठ्ठी द्यायची. तुमची पांढरी असेल. पन्नासाहून जास्त फेऱ्या केलेल्यांची सोनेरी असते, अशी हाती आली तर जपून ठेवा. काठी म्हणजे खुद्द कूकाई, म्हणून मुक्कामी पोचल्यावर आपल्या पायांआधी तिचं टोक धुवायचं. पुलावर ती टेकवायची नाही, कारण ते एकदा पुलाखाली झोपले होते अशी कथा आहे. मंदिरात शिरताना घंटा वाजवा, निघताना नको, ते अशुभ मानतात.

मग एक दिवस डोंगरात. ओबोकेची घळ आणि इया खोऱ्यातला वेलींचा पूल : ४५ मीटर लांब, फळ्यांच्या फटींतून खाली नदी दिसते. वहिनींनी काठावरून फोटो काढावेत.

ओबोकेहून गाडी थेट झेन्त्सूजीला जाते, आणि इथला मुक्काम चुकवू नका. हे ७५वं मंदिर म्हणजे कूकाईंचं जन्मस्थान. पहाटेच्या प्रार्थनेला बसा, मग सभागृहाखालच्या मिट्ट काळोख्या बोगद्यातून भिंतीला हात लावून चाला. कूकाई ८०४ साली चीनला गेले आणि तिथून जो तंत्रमार्ग घेऊन आले, त्याची मुळं भारतात आहेत. म्हणून होम पेटलेला दिसला, किंवा काठीच्या माथ्यावर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली अक्षरं आढळली, तर दचकू नका. शेजारच्या कोतोहिराच्या देवळाला ७८५ पायऱ्या आहेत. तिथे तुम्ही एकटेच जा.

शेवटचे दोन दिवस मात्सुयामाला, दोगोच्या गरम झऱ्यांपाशी. तिथली मुख्य इमारत १८९४ची. गुडघ्यांना याहून चांगलं औषध नाही. फक्त पाण्यात विवस्त्र उतरावं लागतं, बायका-पुरुष वेगळे. एका दिवशी ४६ ते ५१ ही सहा मंदिरं चालून करा, बारा-तेरा किलोमीटर. परतताना १९८८च्या सेतो महापुलावरून आगगाडीने ओकायामा, पुढे ओसाका.

जेवणाचं मात्र आधीपासून बघा. झेन्त्सूजी ज्यात येतं तो कागावा प्रांत उदोन शेवयांसाठी प्रसिद्ध आहे, पण रस्सा बहुधा माशाचा. मंदिरात मुक्काम म्हणजे जेवण शाकाहारी, असंही धरून चालू नका. ताटात मासा येऊ शकतो. खोली राखतानाच ‘शोजिन’, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळेल का विचारा. त्यात कांदा-लसूणही नसतो. मुलीकडून एका कागदावर जपानीत लिहून घ्या : मांस नको, मासा नको, माशाचा रस्साही नको. तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आणि रोख येन बाळगा, एका शिक्क्याला ५०० लागतात.