पारदर्शक ॲक्रिलिकवर अक्षर का उमटत नाही?

प्रश्न : ताई, मी भांडुपला घरच्या घरी दारावरच्या पाट्या करते. मशीन टेबलावर मावणारं, १० वॅटचं, निळ्या डायोड लेसरचं. ३ मिमीचं काळं ॲक्रिलिक सावकाश का होईना, कापतं. पारदर्शकावर मात्र ओरखडाही उठत नाही. मशीन खराब निघालं का? त्याऐवजी सनबोर्ड कापू का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : मशीन धडधाकट आहे, परत पाठवू नका. पारदर्शक शीटखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून तेच नाव पुन्हा कोरा. नाव पुठ्ठ्यावर जळून उमटेल आणि वरचं ॲक्रिलिक कोरंच राहील. तुमच्या लेसरचा प्रकाश साधारण ४५० नॅनोमीटरचा. खिडकीच्या काचेतून ऊन यावं तसा तो आरपार जातो. काळ्या शीटमध्ये अडतो, म्हणून ती कापली जाते. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेसरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, ती पारदर्शक ॲक्रिलिकही शोषून घेतं. तेव्हा पारदर्शक पाटीचा आकार सीओटू मशीनवाल्याकडून कापून आणा, नाव तुम्ही कोरा. कोरायच्या बाजूला काळ्या पोस्टर कलरचा पातळ हात द्या, वाळू द्या, मग लेसर चालवा. रंगाशी प्रकाश अडतो आणि त्या उष्णतेने खालचं ॲक्रिलिक कोरलं जातं. उरलेला रंग पाण्याने निघतो.

शीट घेताना ‘कास्ट’च, म्हणजे साच्यात ओतून केलेली, मागा. कास्टवर अक्षर धुक्यासारखं पांढरं उठतं. एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली, स्वस्त पडते, पण तिच्यावरचं अक्षर वितळून काचेसारखंच दिसतं, वाचता येत नाही. पाटीवर नावच वाचता येणार नसेल तर काय उपयोग!

सनबोर्ड मात्र अजिबात नको. त्या नावाने मिळतो तो बहुतेक पीव्हीसी फोम असतो. लेसरने तो जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. छातीला घातक, आणि मशीनचं लोखंडही गंजवतो. अनोळखी तुकडा असेल तर तांब्याची तार गॅसवर लाल करा, तुकड्याला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर तो तुकडा मशीनजवळ आणू नका. हे खिडकीशी उभं राहून, अगदी छोट्या तुकड्यावर करा.

ॲक्रिलिकचाही धूर पाइपने खिडकीबाहेर सोडा, डोळ्यांना निळ्या लेसरचाच चष्मा हवा, आणि मशीन चालू असताना दाराची बेल वाजली तर आधी मशीन थांबवा. ॲक्रिलिक पेट घेतं.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. कुर्ल्याच्या गाळ्यात मी एकदा गणपतीच्या मखराची ॲक्रिलिकची महिरप कापली आणि चकाकी यावी म्हणून कडा स्पिरिटने पुसल्या. थोड्याच वेळात प्रत्येक कडेपासून आत केसाएवढ्या बारीक चिरा गेलेल्या. कापताना कडेत ताण राहतो, स्पिरिट लागलं की कड तडकते. अख्खी महिरप पुन्हा कापावी लागली, तीही चतुर्थीच्या आदल्या रात्री. तेव्हापासून माझ्याकडे साबणाचं पाणी आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा, एवढंच असतं.