सातारा-सांगलीकडे निघालेल्या खाजगी सैनिकी शाळा थोड्याच वर्षांत बंद का पडतात? त्यांच्या जमिनीचं पुढे काय होतं?

पैसा संपतो म्हणून बंद पडतात. 'आजकालच्या पोरांत दम नाही' हे कारण शाळा बुडवणारेच सांगत फिरतात.

सातारच्या सैनिक स्कूलशी तुलना करू नका. २३ जून १९६१ ला सुरू झालेली ती देशातली पहिली. संरक्षण मंत्रालयाची सोसायटी ती चालवते, प्राचार्य नोकरीतला लष्करी अधिकारी असतो. खाजगी संस्थेकडे काय असतं? फी, आणि अनुदान मिळेल ही आशा. राज्य सरकारने १९९५ नंतर जिल्ह्याला एक सैनिकी शाळा असं धोरण घेतलं, तेव्हा ही आशा फारच वाढली.

अशीच एक शाळा खटाव तालुक्यात आमच्या शिवेलगत निघाली होती. तिथे मी शिकलो, आणि तिचं परेड ग्राउंड आमच्या आजोबांच्या माळावर होतं. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. संस्थेचे अध्यक्ष जीपमधून आले, ओट्यावर बसले. म्हणाले, "सुभेदारसाहेब, आपली पोरं शिपाई म्हणूनच किती दिवस भरती व्हायची? ऑफिसर करू." आजोबांनी सगळा माळ बक्षीसपत्राने देऊन टाकला.

सुरुवात झकास होती. मुरमाचं ग्राउंड, निलगिरीच्या वाशांचे ऑब्स्टॅकल, लाकडी डमी रायफली, बेल्टचं बक्कल ब्रासोने घासून घासून बोटं काळी. उस्ताद म्हणजे रिटायर्ड हवालदार. पहाटे पाचला फॉलिन (रांगेत हजर होणं), बटण तुटलेलं दिसलं की रगडा. पुढे पगार थकायला लागले. आम्हाला कळलं ते मेसच्या आमटीवरून, तिच्यात डाळ शोधावी लागायची. उस्ताद मात्र कडक इस्त्रीत उभे. मग एका सकाळी फॉलिनला उस्तादच नाहीत. साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत लागले होते, तिथे पगार वेळेवर व्हायचा. पाठोपाठ गणिताचे सर गेले. गणित गेल्यावर कुठला बाप वसतिगृहाची फी भरेल? अनुदान शेवटपर्यंत आलंच नाही.

खाटा भंगारात गेल्या, ऑब्स्टॅकलचे वासे लोकांच्या गोठ्याला लागले. संस्थेने त्याच जागेत डीएड कॉलेज काढलं, तेही बुडालं. आता मंगल कार्यालय आहे, परेड ग्राउंडवर वऱ्हाडाच्या गाड्या लागतात.

आमचे आप्पा (चुलते) आजही घरात तेच धरून बसलेत: "म्हाताऱ्याला फसवून जमीन लाटली. शाळा बंद झाली, आता जमीन परत आलीच पाहिजे." आप्पा, नाही येत. दुय्यम निबंधकाकडून बक्षीसपत्राची नक्कल काढून मी वाचली आहे. शाळा बंद पडल्यास जमीन परत, अशी अट त्यात कुठेच नाही. दोन्ही बाजूंनी आधी ठरवलेली तशी अट नसेल तर पुढे मन बदललं म्हणून बक्षीस मागे घेता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२६ वाचा. अट घाला असं आजोबांना सांगू शकेल असा शिकलेला माणूस तेव्हा घरात एकच होता, आणि तो साक्षीदार म्हणून सही करून मोकळा झाला. शेवटच्या पानावर आप्पांचीच सही आहे.

तुम्ही तुमच्या गावच्या जागेसाठी विचारत असाल तर आधी सातबारा आणि जुने फेरफार काढा, मग धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टचं परिशिष्ट १ बघा. जमीन तिथे नोंदलेली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली परवानगी घेतल्याशिवाय संस्थेला ती विकता येत नाही. सरकारने दिलेली असेल तर प्रकरण वेगळं: सहसा भोगवटादार वर्ग २ (म्हणजे अटी-शर्तींवर दिलेली) असते, शर्तभंग दाखवला तर सरकारजमा होऊ शकते. तुमच्या हातात तरीही येत नाही. सही घेताना खरोखर फसवलं असेल आणि ते कोर्टात सिद्ध करता येत असेल, तर वकिलाला विचारा, मी वकील नाही.

आणि खाजगी म्हणजे बुडणारच, असंही नाही. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल डॉ. मुंजे यांनी १९३७ साली काढली, ती अजून चालू आहे.

आमच्या माळावर अजून संस्थेचंच नाव आहे, विक्री झालेली नाही. आप्पांना काही करायचंच असेल तर कोर्टाचं खूळ सोडावं आणि विक्रीची परवानगी मागितली जाईल तेव्हा हरकतीचा अर्ज तयार ठेवावा. या वेळी साक्षीदार म्हणून मी सही करतो.