तहसीलदाराला पत्रं लिहून टक्के वाढत नाहीत

सोलापूर जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलंय. मोठा भाऊ, वय 44, उसाची ट्रॉली उलटली तेव्हापासून उजवा पाय आणि उजवा हात, दोन्ही नावालाच आहेत. सिव्हिल हॉस्पिटलच्या मेडिकल बोर्डाने 11 जूनला 36 टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट दिलं, ते जोडून संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या मदतीसाठी फॉर्म भरला, आणि 40 च्या खाली आहे म्हणून 22 ऑगस्टला तहसीलमधून नामंजुरीचं पत्र आलं. आता तहसीलदारांवर अपील करायचंय आणि 90 दिवस असतात म्हणे, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत निवांत. अशाच छापाची पत्रं मला इतकी येतात की गावाचं नाव आणि टक्के तेवढे बदलतात.

ताई, नोव्हेंबर विसरा. तुमचे 90 दिवस 9 सप्टेंबरला संपतायत, आणि मी हे 3 तारखेला लिहितोय.

तहसीलदारांनी काहीच चुकीचं केलेलं नाही हो. योजनेला 40 टक्के लागतात, कागदावर 36 आहेत, ते काय करणार? भांडण आहे ते टक्क्यांचं, आणि टक्के दिले बोर्डाने. त्याच्यावरचं अपील दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 59 खाली, आणि 2017 च्या नियमांतला नियम 20 सांगतो की निर्णयाच्या तारखेपासून 90 दिवसांत. निर्णय म्हणजे सर्टिफिकेटची तारीख. तहसीलच्या पत्राची नाही, तुम्हाला कुणीतरी समजावून सांगितलं त्या दिवसाचीही नाही. उशीर माफ करायचं वाक्य त्या नियमात नाही, त्यामुळे तारीख गेल्यावर विनंती करता येईल पण हक्काने काही मागता येणार नाही. 84 दिवस तुम्ही आमदारांच्या ऑफिसात, तहसीलला चार पत्रं देण्यात आणि ‘आपले सरकार’ या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकण्यात घालवलेत, आणि सर्टिफिकेट हातात पडलं त्या दिवशी ते कुणी धड वाचलंही नाही. रागावतोय असं वाटेल, तर हो, थोडा रागावलोच आहे.

कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोत सरळ दिसतंय. शरीराचा कोणता भाग ते सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं, आणि तिथे फक्त उजवा पाय आहे. हात कुठेच नाही! हात आणि पाय वेगवेगळे मोजून मग एकत्र करायचे असतात, नुसती बेरीज नाही, त्याचं सूत्र आहे. मोठ्या आकड्यात लहान आकडा मिळवायचा, पण 90 मधून मोठा वजा करून जे उरतं त्या प्रमाणात. तुमच्या केसमध्ये पाय 36, म्हणजे उरले 54. हाताला बोर्डाने समजा फक्त 10 दिले तरी 10 गुणिले 54 भागिले 90, म्हणजे 6, एकूण 42. हाताला किती मिळतील ते मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही, पण तुम्हीच लिहिलंय की त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही आणि डाव्या हाताने चमच्याने जेवतो, मग शून्य तर नक्कीच नाही.

अपील दोन पानांत बसतं. थोडी हकिकत, मग कारण: हाताची तपासणी झाली नाही किंवा मोजली नाही, आणि ते बटणाचं वाक्य जसंच्या तसं घाला. सोबत सर्टिफिकेटची कॉपी लागतेच, शिवाय हाताच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे जोडा. बोर्डाचे केस पेपर माहिती अधिकारात मागा, पण त्याला 30 दिवस जातात म्हणून त्याची वाट बघत बसू नका. अपील कुणाच्या नावाने, म्हणजे राज्य सरकारने नेमलेला अपील अधिकारी कोण, हे उद्या सकाळीच सिव्हिल सर्जनच्या ऑफिसात लेखी विचारा आणि त्यांनी टोलवाटोलवी केली तर अपीलाची एक प्रत तिथेच देऊन पोच घ्या, शिक्का आणि आवक नंबरासकट. मूळ प्रत स्पीड पोस्टने. मध्ये शनिवार-रविवार आहे ते धरून चला, 9 ला संध्याकाळी पाच वाजता खिडकीवर उभं राहायचं नाही.

आणि सही. आत्तापर्यंतचे सगळे अर्ज तुम्ही स्वतःच्या सहीने दिलेत, हे इथे चालवून घेतील असं समजू नका. दुसऱ्याने अपील करायची सोय आहे ती अल्पवयीन मुलासाठी किंवा ज्याला अपंगत्वामुळे स्वतः अपील करणं शक्यच नाही त्याच्यासाठी, आणि तीही कायदेशीर पालकाला. तुमचा भाऊ शुद्धीत आहे, सगळं कळतं, त्याचा डाव्या हाताचा अंगठा घ्या. तुम्ही सुनावणीला सोबत जा, हवं तर त्याचं अधिकारपत्र ठेवा.

अपील 60 दिवसांत निकाली काढायचं असतं, त्याची बाजू ऐकून आणि कारणं देऊन. प्रत्यक्षात किती लागतील यावर मी पैज लावणार नाही. फार लांबलं तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, टक्के ते वाढवून देणार नाहीत पण फाईल हलू शकते. त्यापुढे हायकोर्ट, आता तुमच्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे म्हणून मुंबईची वारी वाचेल, वर्षं वाचतील असं म्हणत नाही.

तो एजंट, 15 हजारांत 45 टक्के करून देतो म्हणणारा, त्याचा नंबर डिलीट करा. खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेतला तर कलम 91 आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यात पहिलं नाव भावाचं येईल.

टक्के वाढून आले तर निराधारचा फॉर्म नव्याने भरावा लागेल असंच धरा. दिव्यांगांना आता महिना 2500 आहेत, मागच्या महिन्यांचा पगार मिळेल ही आशा ठेवू नका. उत्पन्नाचा दाखला मात्र 50 हजारांच्या आतला आहे ना ते आजच बघून ठेवा, नाहीतर 42 टक्के घेऊन परत त्याच खिडकीवरून माघारी याल.