शेणाच्या स्लरीसाठी घरी पंप बनवता येईल का? मोनोब्लॉक पंप सतत खराब होतोय

येतो की, मी बनवलाय. तुम्ही लिहिलंय स्लरीत माती-खडे येतात आणि सील टिकत नाही, ते होणारच ओ, शेण गोठ्यातनं खरडून भरलं की वाळू येतेच सोबत. माझ्या मोनोब्लॉकचा इम्पेलर, म्हणजे आतलं फिरणारं पात्यांचं चाक, उघडला तर पात्यांच्या कडा ब्लेडसारख्या झाल्या होत्या, बोट कापलं.

म्हणून असा पंप करा ज्यात स्लरी फक्त पाइपला लागेल, लोखंडाला नाही. अर्ध्या गोल पत्र्याच्या कड्यात जाड रबरी पाइप वाकवून बसवायचा आणि मधे फिरणाऱ्या आडव्या पट्टीच्या दोन टोकांना बेअरिंगवाले रोलर. रोलर पाइप दाबत पुढं जातो, गायीची धार काढताना मुठीत सड दाबतो तसंच. ना व्हॉल्व्ह, ना सील.

माझा पाइप आतून 25 मिमीचा, मधल्या रेषेनं 15 सेंमी त्रिज्येत वाकवलेला, म्हणजे एका फेऱ्याला 400 मिलीच्या आसपास माल. मिनिटाला 1440 फेऱ्यांची मोटर आणि वेग चाळीसपट कमी करणारा 40:1 चा वर्म गिअरबॉक्स लावला की मिनिटाला 36 फेरे, म्हणजे तासाला साडेआठशे लिटर. कमी वाटेल, पण वेग वाढवू नका, पाइप तापून फाटतो. जुना गिअरबॉक्स भंगारात मिळतो, कडं आणि रोलर मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवाल्याकडनं करून घेतले.

खरी मेख गॅपमधे आहे. पाइपची भिंत 6 मिमी असेल तर दबल्यावर दोन्ही भिंती मिळून 12, रोलर आणि कड्यात 11 मिमी ठेवा, रोलरखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घालून ॲडजस्ट करता येईल असंच बनवा. सैल राहिला की माल मागं येतो आणि त्याच फटीतनं वाळू पाइप आतनं घासते, जास्त आवळला तर मोटर कण्हते. पाइप दोऱ्याच्या विणीचा रबरी घ्या, तारेचा नको, तार दबून तुटते. बाहेरनं ग्लिसरीन लावा, ग्रीसनं रबर फुगतं. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, पाइपमधे नको.

आणि पुढचा कॉक बंद ठेवून चालू करू नका बरं का. आमच्या दाजींनी केलता, पाइप फुटला, पांढऱ्या शर्टावर गळ्यापर्यंत स्लरी, लग्नाला निघालते बिचारे. काम झालं की दोन बादल्या साधं पाणी ओढून घ्या, नाहीतर वाळू खालच्या वळणात बसून दगड होते.