वाचकांचे प्रश्न: शिडाच्या बोटीवर मासे कसे टिकवायचे?

प्रश्न: आमची २४ फुटी फायबरची शिडाची बोट आहे, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन. दिवाळीनंतर रत्नागिरीहून विजयदुर्ग, देवगड करत मालवणला जायचंय, वाटेत गरवायचंही (गळाने मासे धरायचे) आहे. फ्रीज नाही. रॉड कुठला घेऊ, आणि मासे टिकवू कसे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: रॉडचं नंतर बघू, आधी बर्फाची पेटी घ्या. पफ (गारवा धरून ठेवणारा फोम) भरलेली, जाड भिंतीची, खाली बूच असलेली. थर्माकोलची नको, हेलकाव्यात फुटते आणि दाणे समुद्रात जातात. बोटीच्या मध्यावर, सावलीत, घट्ट बांधून ठेवा. प्यायचं पाणी, कोल्ड्रिंक त्यात अजिबात नको, दर दहा मिनिटांनी झाकण उघडलं की बर्फ गेलाच.

बोट पाच-सहा नॉटनी (ताशी साधारण ९ ते ११ किमी) चालत असेल तर रॉडशिवायही भागतं. जाड तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) मागच्या क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला, बांधा, मध्ये रबराचा तुकडा टाका, झटका तो सोसतो. सुरमईचे दात तंगूस सहज कापतात, म्हणून गळाच्या आधी फूटभर स्टीलची वायर लावाच. ओढताना हातमोजे घाला, दोरी हाताला गुंडाळू नका, बोटं जातात.

खरं काम मासा बोटीत आल्यावर. डोक्यावर दांडक्याचा एक फटका, कल्ल्यामागची शीर कापायची, रक्त बादलीत वाहू द्यायचं, मग कल्ले नि पोटातलं सगळं काढून समुद्राच्या पाण्याने धुऊन लगेच पेटीत. पेटीत दोन भाग बारीक बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी ठेवा, नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते पण हे गार पाणी माशाला सगळीकडून भिडतं म्हणून तो पटकन थंड होतो. आतपर्यंत गार झाला की पाणी सोडून द्या आणि पोट खाली करून बर्फात पुरा.

यात आळस करू नका हो. बांगडा, कुपा (ट्यूना), सुरमई उन्हात राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं, कधी कधी वासही येत नाही, आणि कितीही शिजवलं तरी ते जात नाही. मग तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं. भर समुद्रात हे नकोच.

आपल्याकडच्या उन्हात किलोभर माशाला किलोभर बर्फ धरा, तेवढा उरला नसेल तर गळ आत घ्या. देवगडला पेटी पुन्हा भरा. आणि मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास दोरी गुंडाळूनच जा, तिथे १९८७पासून सागरी अभयारण्य आहे.